पस्तीस इंचांचा सलोखा

नेट ३५ इंचांवर बांधायचं ठरलं. ठराव एकमतानं झाला, वर चहा-भजी झाली आणि लातूर जिल्ह्यातल्या आमच्या मुरुडातल्या टेनिसवाल्यांचं व पिकलबॉलवाल्यांचं मनोमिलन झाल्याचा फोटो रात्रीपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरला. फोटोत सगळी मंडळी एकच नेट धरून उभी आहेत. कुणी सोडायला तयार नाही, हे फोटोतही दिसतंय.

टेनिसचं नेट मध्यभागी ३६ इंच असतं, पिकलबॉलचं ३४. झगडा दोन इंचांचा, समितीनं तो मधोमध कापला. कडेला टेनिसला ४२ लागतात, पिकलबॉलला ३६. तिथंही न्याय झाला, ३९. आता या नेटवर टेनिस नियमानं होत नाही आणि पिकलबॉलही होत नाही. अन्याय दोघांवर सारखाच झाल्यामुळं तक्रार कुणाचीच उरली नाही. याला सहकार म्हणतात. सहकार म्हणजे काय, ते उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला मी सांगावं असं नाही.

खरं भांडण इंचांचं नव्हतंच. टेनिसचं कोर्ट ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद. पिकलबॉलचं ४४ बाय २०. भोवतालची मोकळी जागा धरली तर टेनिसच्या एका कोर्टात पिकलबॉलची चार बसतात. जिथं टेनिसचे चार निवृत्त सर खेळतात, तिथं पिकलबॉलचे सोळा शेठ मावतात. हे गणित सरांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून तर ते गणिताबद्दल न बोलता आवाजाबद्दल बोलत होते. ‘प्लॅस्टिकचा चेंडू, त्याला भोकं, टकाटक टकाटक... सकाळच्या शांततेचा काही विचार?’ बायपासच्या कडेला राहून, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकत ज्यांची उभी हयात गेली, त्यांना त्या भोकाच्या चेंडूनं झोप येईना.

पिकलबॉल हा खेळ अमेरिकेत सिॲटलजवळच्या एका बेटावर १९६५ साली निघाला. बॅडमिंटनचं सामान सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या फळ्या आणि भोकाचा चेंडू घेऊन लोकांनी वेळ काढला. आज त्याच देशात टेनिसवाले आणि पिकलबॉलवाले एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात. पण तिथल्या कित्येक गावांनी साधी वाट काढली आहे. एकाच कोर्टावर दोन रंगांच्या रेषा मारायच्या, वेळा वाटून घ्यायच्या, आणि नेटच्या मधल्या पट्ट्याचं बक्कल ओढून ते दोन इंच खाली घ्यायचं. खेळ संपला की पुन्हा सैल सोडायचं. पोरासोराचं काम.

बैठकीत कुणीतरी हे सांगितलंही. त्यावर एक सर शांतपणे म्हणाले, ‘‘ओढायचं कुणी?’’

सभा तिथंच थबकली. कारण जो ओढेल तो वाकणार, आणि वाकताना समोरचा बघणार. आमच्याकडचा माणूस दोन एकर विकील, पण दोन इंच बांध सोडणार नाही. बांधासाठी सख्खे भाऊ लातूरच्या कोर्टात तारखा करतात आणि एकाच एसटीनं परत येतात. तिथं बक्कल कोण ओढणार? शिपाई नेमावा तर पगार कुणी द्यायचा? म्हणून ३५. म्हणून बक्कल तारेनं आवळून टाकलं, आणि पक्कड अध्यक्षांच्या घरी.

मग मोजणी आली. शेठ हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी टेप घेऊन आले, सर शिंप्याचा. दोन्हींत पाव इंचाचा फरक निघाला, त्यावर उपसमिती. सकाळी सहाला नेट बरोबर ३५ भरलं, संध्याकाळी साडेचौतीस. ‘मुद्दाम झुकवलंय’, असा आरोप झाला. कुणी म्हणालं, उन्हानं दोरी सैल पडते. पण मोजायचं तरी कुठून? जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यात रोवलेला खांब कधी एका जागी राहिलाय? घराच्या भिंती तडकतात तिथं नेटच्या खांबांची काय कथा. ते मृगात एकीकडं कलतात, माघात दुसरीकडं. तेव्हा आता खरिपाचं नेट वेगळं आणि रब्बीचं वेगळं अशी दुरुस्ती ठरावात करावी, दर हंगामाला फेरमोजणी व्हावी, आणि मोजणीच्या वेळी दोन्ही बाजूंचे पंच हजर असावेत, पंचनाम्यावर सह्या असाव्यात, अशी सूचना आली. सूचक निवृत्त तलाठी होते हे सांगायला नको. दोन महिने झाले, एक गेम झालेला नाही. पण पंचनामे तीन झालेत आणि खेळाडूंची तब्येत उत्तम आहे.

इथपर्यंत मी हसत होतो. परवा दुपारी कोर्टावर टँकर उभा दिसला. विचारलं, ‘‘काय चाललंय वो?’’ तर रोडची धूळ आणि सोयाबीनचा भुसा बसून पांढऱ्या रेषा कोणत्या आणि निळ्या कोणत्या हे ओळखू येईना, म्हणून धुवायलेत! ज्या जिल्ह्यात बोअरला दोन इंच पाणी लागलं तर माणूस पेढे वाटतो, तिथं रेषा धुवायलेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं होतं लातूरला. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पाणवठ्यांवर जमावबंदी लावली होती, घागर घेऊन बायका घोळक्यानं उभ्या राहिल्या तर गुन्हा. विसरले का सगळे? आणि हे कोर्ट तरी कुणाचं? लेआउटच्या नकाशात तिथं ‘ओपन स्पेस’ लिहिलंय, पोरांसाठी. आधी तारेचं कुंपण झालं, मग गेट, मग कुलूप. पोरं रस्त्यावर खेळतात, चेंडू ट्रकखाली जातो, आणि चेंडूमागं पोरगं धावतं तेव्हा आई दारातून ओरडते. त्या पोरांशी सलोखा करायला कुणी समिती नेमली नाही. कारण पोरांना दोन इंच नको होते, त्यांना सगळं मैदान पाहिजे होतं.

जाऊ द्या. टँकरवाल्याला पैसे कुणी द्यायचे यावर पुढची बैठक आहे. विषयपत्रिकेवर आणखी एक अर्ज आलाय, बॅडमिंटनवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, पिकलबॉलच्या कोर्टाचं माप आमच्याच डबल्सच्या कोर्टाचं आहे, ४४ बाय २०, तेव्हा आम्हालाही सहकारात घ्या. त्यांचं नेट मध्यभागी ६० इंच. एका सरांनी तिथल्या तिथं ३६, ३४ आणि ६० यांची सरासरी काढली: त्रेचाळीस आणि एक तृतीयांश. इंचाचा तिसरा हिस्सा कोणत्या टेपनं मोजायचा, ते उपसमिती ठरवील.