वीस मिनिटांत लिस्बन

माद्रिद ते लिस्बनच्या तिकिटावर सुटायची वेळ 10.00 आणि पोहोचायची 10.20 पाहून मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर. म्हणजे ताशी 1,500. आवाजाच्याही पुढे! एवढ्या स्वस्त तिकिटात हे लोक आवाजाला मागे टाकतात आणि आपण स्वारगेटहून धायरीला जायला तास घालवतो, असा उद्वेग मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनही दिला. चुलतभावाने तीन वेळा हात जोडले.

"अहो, नीट बघा एकदा," बायको म्हणाली.

परतीचं तिकीट बघितलं. तेवढंच अंतर, पण 2 तास 20 मिनिटं. "समोरचा वारा," मी म्हणालो. (त्या भागात वरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणजे परतीला पाठीशीच असतात. भूगोलात मी कायम काठावर पास.)

उड्डाणानंतर वीस मिनिटांनी मी पट्टा आवळून, खुर्ची सरळ करून उतरायला सज्ज. खाली स्पेनचं तपकिरी माळरान संपायचं नाव घेईना. शेजारच्या आजोबांना विचारलं, तर त्यांनी मनगटावर टिचकी मारून एक बोट वर केलं. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे! प्रवास 1 तास 20 मिनिटांचा, त्यातही विमान धावपट्टीपर्यंत रखडत जाण्याचा वेळ धरलेला.

खरं तर सूर्याच्या हिशेबाने या दोन शहरांत बावीस मिनिटांचाच फरक. पण 1940 साली फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने घड्याळ एक तास पुढे नेलं, ते पुन्हा मागे आलंच नाही. त्या हुकूमशहाने मला ग्रुपवर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

आता चूक होणे नाही, असं ठरवून लिस्बनला उतरताच मोबाइलमध्ये बघून मनगटावरचं घड्याळ बरोब्बर एक तास मागे लावलं. मोबाइलने तेच काम माझ्या आधी, न सांगता उरकलं होतं. दोन दिवस कुणाला वेळेवर भेटायचं नव्हतं, त्यामुळे खपून गेलं.

परतीच्या सकाळी बायको म्हणाली, "माझ्या मोबाइलात नऊ वाजलेत."

"ते माद्रिदचे," मी पाव चावत म्हणालो. "इथे आठ."

विमानतळ शहरातच, मेट्रोने अर्ध्या तासाच्या आत. पोहोचलो तर काउंटरवरची मुलगी आमच्या बॅगांकडे सहानुभूतीने बघत होती. पुढच्या विमानाचा भाव ऐकून मी रेल्वेची चौकशी केली. थेट गाडी नाही. रात्रीची होती, ती 2020 साली बंद झाली. उरली बस. रस्त्याने 600 किलोमीटरच्या वर, आठेक तास, आणि माद्रिदला उतरल्यावर घड्याळात आणखी एक.

बदाखोसच्या आसपास ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज आला, "पोहोचलात का? आज किती मिनिटं?"

बायकोने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून आपल्या पर्समध्ये टाकलं आणि खिडकीकडे तोंड करून झोपली.