गुरुवारची कियांती

नाशिकच्या एका द्राक्षमळ्यात टेस्टिंग करून आल्यापासून आमचे हे वाइन पीत नाहीत, तिची चौकशी करतात. ग्लास उजेडात तिरका धरायचा, गरगर फिरवायचा, आत नाक खुपसायचं आणि डोळे मिटून निकाल जाहीर करायचा. फ्लॉरेन्सच्या खानावळीत आम्ही मेनूतली सगळ्यात स्वस्त कियांती मागवली. अर्धा लिटर, काचेच्या सुरईत. ह्यांनी वेटरला विचारलं, "कोणत्या सालची?" वेटर म्हणाला, "लाल."

ह्यांनी घोट तोंडात घोळवला. "चेरी," ते म्हणाले, "आणि मागून जरासं चामडं." मी प्यायले. आधी आंबट लागली, मग जांभळं खाल्ल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. तसं सांगितलं, तर म्हणाले, "अ‍ॅसिडिटी म्हण. टॅनिन म्हण." अ‍ॅसिडिटीची गोळी माझ्या पर्समध्ये होती, ती पुढे केली.

मग इतिहास सुरू झाला. कियांती पिकवायची हद्द १७१६ साली तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने, तिसऱ्या कोझिमोने आखून दिली. १८७२ मध्ये बारोन रिकासोलीने सांजोवेसे द्राक्षाला मुख्य मान देणारी कृती पत्रात लिहून ठेवली. मला त्यातली कोंबड्याची दंतकथा तेवढी आवडली. सिएना आणि फ्लॉरेन्सचं सीमेवरून भांडण. ठरलं असं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल. भेटतील तिथे सीमा. सिएनाने आपला पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला, फ्लॉरेन्सने काळा उपाशी ठेवला. उपाशी कोंबड्याला कसली झोप? तो रात्रीच ओरडला आणि फ्लॉरेन्सचा स्वार पार सिएनाच्या जवळ जाऊन पोचला. आजही कियांती क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडाच असतो. आमच्या सुरईवर नव्हता, पण त्या कोंबड्याचं दुःख मला कळत होतं. सकाळी काशिने बागेच्या पार टोकाला जाऊन कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री पाहिली होती (१८७० साली, अवघ्या विसाव्या वर्षी ते ह्याच शहरात वारले), आणि तेव्हापासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

त्यातून वार गुरुवार. गुरुवारी ह्यांना मांसाहार चालत नाही. द्राक्षं मात्र शाकाहारीच. म्हणून पाप्पा अल पोमोदोरो आली, म्हणजे शिळा पाव टोमॅटोत शिजवून केलेली लापशी. वर ऑलिव्ह तेलाची सढळ धार, शेजारी पेकोरीनो चीज. दोन चमचे खाऊन वाइन प्यायले, तर सुरई बदलून आणली की काय असं वाटलं! टोमॅटोच्या आंबटपणापुढे वाइनचा आंबटपणा निमूट बसला. तुरटपणाचं असं की टॅनिन आपल्या लाळेतली प्रथिनं पकडतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. चीजमधली प्रथिनं, चरबी आणि मीठ मध्ये पडले की त्याचा जोर ओसरतो. चेरीसुद्धा लागली. मी ह्यांना सांगितलं नाही.

तोस्कानाच्या पावात मीठ नसतं. ही उणीव भरायला मी पर्समधून लसणाची सुकी चटणी काढली. ह्यांनी पाव चटणीत बुडवला, वर कियांतीचा मोठा घोट घेतला, आणि प्रथमच वाइनबद्दल त्यांना काही बोलता येईना. तिखटावर अल्कोहोल जाळ धरतं आणि तुरटपणाही अंगावर येतो, हे नाशिकला कुणी सांगितलं नसावं. वेटर पाणी घेऊन धावला. मी चटणीवर ऑलिव्ह तेल ओतलं आणि वाइनला लांब ठेवून निवांत खाल्ली.

एवढ्यात शेजारच्या टेबलावर भाजलेल्या मांसाची बिस्तेक्का आली. चांगली चार बोटं जाड, बाहेरून करपलेली, आतून लालभडक. तिच्यासोबत तीच स्वस्त सुरई. हे बराच वेळ बघत राहिले. रात्री हॉटेलवर दोनदा विचारलं, उद्या शुक्रवारच ना?

शुक्रवारी खानावळीचं दार उघडलं तेव्हा आम्ही बाहेरच उभे होतो. ह्यांनी बिस्तेक्का मागवली, साल न विचारता कियांती मागवली आणि वेटरला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "मांस जरा नीट शिजवून आणा हं." वेटरने आदबीने मेनू मिटला आणि आमच्यासाठी पुन्हा पाप्पा अल पोमोदोरो आणली.