रत्नागिरी, व्हाया स्वीडन

प्रस्तुत लेखक फुकटाचा माणूस आहे. बँकेचं कॅलेंडर, औषधाच्या दुकानातली कापडी पिशवी, लग्नाच्या हॉलमधली दुसरी कॉफी, यातलं काहीही त्याने आजवर सोडलेलं नाही. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली, तेव्हापासून त्याचं रेल्वेशी धड बोलणं नाही. अशा माणसाचा ब्लॉग फुकटच्या जागेत असणार हे सांगायला नको. जागा गूगलची, वीज गूगलची, मथळ्यावरचं नारळाच्या झाडाचं चित्रही गूगलचंच. याचे फक्त शब्द.

स्वतःचा पत्ता विकत घेऊन बिऱ्हाड तिकडे हलवायचं खूळ पुण्याच्या भाच्याने डोक्यात घातलं. त्याने नुसती यादी वाचून दाखवली. लाखो लोकांची घरगुती पानं असलेलं जिओसिटीज याहूने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलं. गूगल रीडर २०१३ मध्ये गेला, गूगल प्लस २०१९ मध्ये. ‘ब्लॉगर’सुद्धा मुळात गूगलचं नाही, १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या चिमुकल्या कंपनीने ते काढलं आणि २००३ मध्ये गूगलने घेतलं. “मामा, उद्या नोटीस आली तर कुठे जाल?” प्रस्तुत लेखकाने विचारलं, “वर्षाला किती पडतील?” आकडा ऐकून त्याने पाणी मागितलं. सौभाग्यवतींनी ते आणून दिलं आणि पैसे भरून टाकायला सांगितलं.

मुहूर्त भाच्यानेच काढला. श्रावणात मामा-मामी मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला आत्याकडे जाणार होते. “गाडीत बसलात की दिवसभर तुम्ही नवीन काही लिहिणार नाही. मला शांतपणे सामान हलवता येईल,” असं तो म्हणाला. या वाक्यात मामाच्या साहित्याविषयी एक मत दडलेलं आहे, पण ते सौभाग्यवतींनाच आधी कळलं आणि त्या हसल्या.

सामान बांधताना जुन्या घराची कळा उघड झाली. मथळा मराठीत असला की ब्लॉगर त्यातलं एक अक्षर पत्त्यात घेत नाही. लेखाचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’, पुढच्याचाही ‘ब्लॉग-पोस्ट’, फक्त मागे एक आकडा चिकटवलेला. आईच्या वर्षश्राद्धावरचा लेख आणि मुळ्याच्या भाजीवरचा लेख यांच्या पत्त्यांत फरक तेवढ्या आकड्याचा. शिवाय निर्यातीच्या फाइलमध्ये लेख येतात, वाचकांचे अभिप्राय येतात, फोटो येत नाहीत. ते जुन्या मालकाच्या भिंतीवरच टांगलेले राहतात आणि एकेक करून उतरवावे लागतात.

नव्या घरी, म्हणजे वर्डप्रेसमध्ये, पत्त्यात मराठी चालतं. पण तिथे पत्त्याची जागा दोनशे खुणांची, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त नऊ-नऊ खुणा खातो. बावीस चिन्हांत मामला आटोपला. ‘कोकणकन्येच्या वरच्या बर्थवरून दिसलेली पहाट’ हा लेखकाचा लाडका लेख. त्याचा नवा पत्ता ‘कोकणकन्येच्या-वरच्या-बर्’ इथे तुटला. बर्थ तिथेही कन्फर्म झाला नाही.

पनवेलपर्यंत सगळं सुरळीत होतं. नवा पत्ता जगभर पसरायला काही तास लागतात, कारण प्रत्येक कंपनीची यंत्रणा जुना पत्ता ठरावीक वेळ लक्षात ठेवते. पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस. परिणाम असा की एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसलेल्या नवरा-बायकोला दोन निरनिराळे ब्लॉग दिसत होते. लेखकाच्या फोनवर जुनंच नारळाचं झाड. सौभाग्यवतींचं सिमकार्ड दुसऱ्या कंपनीचं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला आणि म्हणाल्या, “अहो, हे काय लिहून ठेवलंयत?”

पडद्यावर मराठीचा मागमूस नव्हता. डोक्यावर तिरका फटकारा मारलेला रोमन ‘ए’, त्याच्या शेजारी चार पाय फुटलेलं एक वाटोळं चलनचिन्ह, मग आणखी काहीतरी, पुन्हा तोच ‘ए’. पानंच्या पानं. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी वाकून पाहिलं आणि “फ्रेंच आहे,” असा निर्वाळा दिला. ते सावंतवाडीला उतरणार होते, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ होता.

भाच्याला फोन लावला. “मामा, घाबरू नका,” तो म्हणाला. ज्याला घाबरायचं नसतं त्याला हे वाक्य कोणी ऐकवत नाही. “तुमचं मराठी स्वीडिशमध्ये पडलंय.”

पुढचं ऐकू येण्याआधी बोगदा लागला.

कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण सुरू झाली, तिच्यावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत, आणि ते खोदणाऱ्यांविषयी लेखकाच्या मनात आदर आहे. पण त्या दिवशी प्रत्येक बोगद्याने त्याचं एकेक वाक्य खाल्लं. स्वीडनचा खुलासा माणगावपासून चिपळूणपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचला, तो जोडून असा: माहितीचं कोठार सांभाळणारी ‘मायएसक्यूएल’ ही प्रणाली १९९५ मध्ये एका स्वीडिश कंपनीने आणली. त्यामुळे २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत, कुणी मुद्दाम बदललं नाही तर, ती अक्षरं पश्चिम युरोपची धरायची आणि त्यांचा क्रम स्वीडिश पद्धतीने लावायची. भाच्याने जागा घेतली होती त्या कंपनीकडे (नाव कशाला, स्वस्त होती एवढं पुरे) जुनी आवृत्ती होती, आणि सामान उतरवताना तिथे कुणी खूण बदलली नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर संगणकात तीन तुकड्यांत साठवतात. त्या कोठाराने प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र युरोपियन अक्षर समजून रांगेत उभं केलं.

चिपळूणला कटलेट आलं. मांडवीचं खाणं नावाजलेलं आहे आणि पैसे सौभाग्यवतींनी दिले, तेव्हा लेखकाला थोडा धीर आला आणि त्याने त्या राडारोड्याकडे नीट पाहिलं. त्यात नियम होता! ‘म’च्या शेवटी नोंदणीकृत व्यापारचिन्ह येत होतं. ‘ल’च्या डोक्यावर वर्गाचा दोन, ‘ळ’च्या डोक्यावर घनाचा तीन. आणि ऱ्हस्व वेलांटीला ते चार पायांचं साधं चलनचिन्ह, तर दीर्घ वेलांटीला चक्क जपानी येन. उकार, मात्रे, हलन्त, सगळे येन. इतकं परकीय चलन या माणसाच्या लिखाणात उभ्या जन्मात आलं नव्हतं.

संगमेश्वर सुटल्यावर भाचा म्हणाला, “उपाय सापडला. पण आधी आहे ते सगळं पुसावं लागेल. पुसू?”

आणि करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटर; कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. लेखक “थांब, नको” असं मोठ्याने म्हणाला. ते फक्त डब्याने ऐकलं. पंखे, रूळ, दिव्यांचा पिवळा उजेड, खिडकीच्या काचेत स्वतःचंच तोंड. सावंतवाडीकरांनी धीर दिला: “जाऊ द्या हो, कोण वाचतंय.” हे वाक्य लेखकाला बोगद्यापेक्षा लांब वाटलं.

वाचणारं एक माणूस त्याला पक्कं ठाऊक होतं. आत्या. वय ऐंशीच्या पुढे; फोनच्या पडद्यावर भाचीने करून दिलेलं एकच चिन्ह, ते दाबलं की जुना पत्ता उघडायचा. रोज सकाळी पोथी झाली की ती तेच दाबते, हे लेखक चारचौघांत जरा अभिमानानेच सांगतो.

बोगदा संपला. फोन लागला. “पुसलं,” भाचा म्हणाला, “पोटात गोळा नको, जुनी फाइल माझ्याकडे आहे. आता नीट भरतोय. ऐका, पहिला अभिप्राय वाचतो: ‘दुसऱ्या परिच्छेदात वीस दीर्घ हवा. बाकी ठीक.’”

तो अभिप्राय आतोबांचा होता. आतोबा शाळामास्तर, लेखकाच्या प्रत्येक लेखाखाली त्यांनी शुद्धलेखनाची चूक दाखवली, शेवटच्या आजारपणातसुद्धा. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गाडी रत्नागिरीत शिरेपर्यंत लेखक काही बोलला नाही, हे सौभाग्यवतींच्या लक्षात आलं. त्यांनी बॅगा काढल्या.

आत्या दारातच उभी होती. “मेल्या, तुझं दुकान बंद पडलं काय रे? सकाळपास्नं दाबत्ये.” अरे, हलवतोय गं, असं म्हणत त्याने तिचा फोन घेतला, आणि उगाच खडा टाकून पाहिला: रोज वाचतेस, तर सगळ्यात आवडलेला लेख कोणता?

“तुझं नवीन आलं की एकदा वाचत्ये,” आत्या म्हणाली. “रोज उघडत्ये ते खालचं, ह्यांनी लिहिलेलं.”

रात्रीपर्यंत मराठी मराठीत परत आलं. ब्लॉगर स्वतःहून परक्या घराकडे बोट दाखवत नाही, तेव्हा भाच्याने जुन्या पानाच्या साच्यात दोन ओळी घातल्या. आत्याचं चिन्ह तेच, पण दाबलं की थेट नव्या घरी.

पर्यटनही झालं. थिबा राजवाडा पाहिला: ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणलं, वाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला, त्याच्या जुन्या पत्त्यावरून इकडे पाठवणारी ओळ कुणी घातली नव्हती. पानवलचा उंच पूल रत्नागिरीच्या पुढे आहे, तो या तिकिटात येत नव्हता.

वाचकांपैकी कुणी अजून फुकटच्या जागेत लिहीत असेल, तर निर्यातीची फाइल आजच उतरवून घ्या आणि फोटो वेगळे काढा. नवी जागा घेण्याआधी कोठाराची अक्षरपद्धती विचारा. उत्तर ‘यूटीएफ-८ एमबी-४’ असं यायला हवं. स्वीडनचं नाव निघालं तर पैसे भरू नका.