अब्जाधीश आबा

धाराशिवच्या सांजा रोडवरच्या मेडिकलात संध्याकाळी गर्दी असते. कुणाला बीपीची गोळी हवी, कुणाला पोराच्या खोकल्याचं औषध. सगळ्यांच्या पुढं आबा, चष्म्याखाली भिंग धरून एका बोटभर पुडीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत उभे. "ह्यात एकच अब्ज हायती की रे. मागच्या टायमाला पाच होते." मागच्या गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा जमिनीच्या व्यवहारातला असावा.

अब्ज जंतूंचे असतात. जिवंत आणि पोटाला उपकारक. पण पोट आबांचं नसतं, ब्रूनोचं असतं.

ब्रूनो म्हणजे मुलाचा लॅब्राडोर. "फ्लॅटमध्ये करमत नाही त्याला, चार दिवस ठेवा," म्हणून मुलानं पुण्याहून आणून सोडला. ते चार दिवस अजून चालू आहेत. आबांची हयात दूध संघात फॅट आणि एसएनएफ मोजण्यात गेली. निवृत्तीनंतर मोजायला काहीच उरलं नव्हतं, ते एकदम पुडीत अब्जांनी सापडलं. असा माणूस आता दर गल्लीत एखादा असतोच. पूर्वी तो माणसांना काढे सांगायचा. माणसं हल्ली मोबाइलला विचारतात, म्हणून तो जनावरांकडं वळला. जनावर उलटून बोलत नाही, ही त्याची मोठी सोय.

निवडण्यात मात्र आबांचा हात धरणारा कोणी नाही, हे मान्य करायला हवं. पुडीवर जंतूचं नुसतं आडनाव असेल तर ते परत करतात. पूर्ण नाव पाहिजे, वाणाचा क्रमांक पाहिजे. आकडा माल तयार झाला त्या दिवशीचा की मुदत संपेपर्यंतचा, हेही विचारतात. काउंटरवरच्या पोराला ते ठाऊक नसतं, मग आबा त्यालाच सांगतात. मे महिन्यात फ्रिजमधली पुडी ते घेतच नाहीत. "लाइट गेल्यावर निम्मे जंतू दुकानातच वारत्यात. बॅसिलसवालं दे. त्याच्या बीजाणूला आपल्या उन्हाचं भ्या नसतं." एकदा पोरानं माणसांची, बिनसाखरेची चघळायची गोळी पुढं केली. आबांनी भिंगातून झायलिटॉल हा शब्द हुडकला आणि गोळी सापासारखी लांब ढकलली. बरोबरच केलं. झायलिटॉलनं कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, जिवावर बेतू शकतं.

ज्ञानाबरोबर भाषण येतं. बुलार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या फळांवरून एक यीस्ट वेगळं केलं. जंतू मारणाऱ्या औषधानं ते मरत नाही, कारण ते जंतू नव्हेच. इथवर आबा अचूक. पुढं लगेच, "आपल्या बोराटीवर कुणी बघितलंय का? त्यो धाराशिवला आला असता तर बोरावरनं काढलं असतं." मेचनिकॉफला १९०८ चं नोबेल दह्यासाठी मिळालं, असंही ते ठासून सांगतात. मिळालं होतं रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. दही हा त्याचा वेगळा नाद. पण सगळी नोकरी दुधात काढलेल्या माणसाकडून दह्याचं नोबेल कोण काढून घेणार?

घोळ होतो तो देण्यात.

सकाळी साडेसातला पुडी. भातावर भुरभुरायची, कोमट पाण्याचा हबका, गरम नाही. आबा करंगळी बुडवून बघतात, जावयाच्या आंघोळीचं पाणीसुद्धा कधी इतकं निगुतीनं बघितलं नसेल. ब्रूनो ताटली चाटून पुसून काढतो. आठला आबांचा चहा, त्यात बुडवलेली खारी अर्धी ब्रूनोची. दहाला घरातल्या आक्का भाकरी टाकतात, पहिली ब्रूनोची, वर दुधाची साय. दुपारी कुणीतरी गुलाबजाम आणलेले असतात. धाराशिवात गुलाबजामाला निमित्त लागत नाही. "एकानं काय होतंय?" संध्याकाळी पोट गुरगुरलं की आबा गंभीर होतात, वहीत नोंद करतात आणि जाहीर करतात, "अब्ज कमी पडालेत."

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कळस झाला. कळंबच्या रस्त्याला शेत आहे. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यात आंबिल. ज्वारीचं पीठ आंबवून ताकात घातलेली आंबिल बघताच आबांना साक्षात्कार झाला. आंबलेलं, आंबट, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. "हीच की ती! आपण उगंच पुडीला पैसं घालतोय." आणि वाटीभर नव्हे, तांब्याभर आंबिल ब्रूनोपुढं ठेवली. ती त्यानं अशी संपवली की बघणाऱ्याला भूक लागावी.

रात्रीतून अंगणाची जी दशा झाली तिचं वर्णन नको. सकाळी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेहमीचाच पहिला प्रश्न विचारला, "आबा, काय खाऊ घातलाव ह्याला?"

"काई नाई. जंतू. अस्सल गावरान."

आक्कांनी मागून आंबिलीची कृती सांगायला सुरुवात केली. ज्वारीचं पीठ, ताक, मीठ, आलं, मिरची आणि मूठभर लसूण. लसणापाशी बाईंनी पेन खाली ठेवलं. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यांनी सांगितलं. शिवाय आंबवलेलं सगळंच प्रोबायोटिक नसतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्येच लिहून ठेवलंय, जंतू जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि खाणाऱ्याला त्यांचा फायदा झालेला दिसायला हवा. आबांनी "पुरेसे" एवढंच वहीत उतरवून घेतलं.

तेवढ्यात बाकावर बसलेल्या बाईनं आबांना ओळखलं आणि दवाखान्यातच हिशेब निघाला. तिची शेळी, काळीभोर, लांब कानांची, दर खेपेला जुळी देणारी उस्मानाबादी. तिनं लग्नाच्या मांडवामागं सांडलेला भात पोटभर खाल्ला आणि फुगून आडवी झाली. आबांनी सल्ला दिला होता, दही पाजा. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आबा, दाणा-भात जास्ती झाला की शेळीचं पोट आतून आंबतं. आधीच आंबलेल्या पोटात आणि दही?" त्या शेळीला खायचा सोडा पाण्यातून पाजून, नळी घालून, कशीबशी उभी केली होती. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ नंबरवर फोन केला म्हणून गाडी आली, नाहीतर जुळ्यांसकट गेली असती. आबा म्हणाले, "पण दह्यानं चव तर आली असंल की तोंडाला?"

ती बाई हसली. म्हणजे हसावंच लागलं तिला. आबांवर कुणाला फार वेळ रागावता येत नाही, हेच तर अवघड आहे. त्यांच्या हातात काहीतरी असतं आणि ते दुसऱ्याच्या तोंडात जायला हवं असतं. नातू वर्षातून एकदा येतो, तोही खारी नको म्हणतो. ब्रूनो नको म्हणत नाही.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं, सुई दिली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. आज उपास, फक्त पाणी. उद्यापासून मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला-तेल काही नाही. पुडी रोज एकच, जंतू मारायच्या गोळीनंतर दोन तास सोडून. बाकी काही म्हणजे काही नाही. खारी नाही, साय नाही, गुलाबजाम नाही. एकेक ओळ त्यांनी आबांकडून म्हणून घेतली. आबांनी शाळकरी पोरासारखी म्हटली. कागदाची घडी घातली, टोपी सारखी केली, ब्रूनोचा पट्टा हातात घेतला आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले.

"बाई, नुसती पुडी कडू लागत असंल त्याला. पेढ्यात घालून दिली तर चालंल? कुंथलगिरीचा हाय. साधाच."