तीन मिनिटांचा नाश्ता

गोष्ट प्रस्तुत लेखकाचीच आहे. पण 'मी' लिहायची लाज वाटते, म्हणून त्याला लेखकराव म्हणू.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हाती आला त्या दिवसापासून लेखकरावांनी पोहे सोडले आणि प्रवचन धरलं. "तीन मिनिटं! 40 ग्रॅम ओट्स, पेलाभर दूध, वर फळं. झालं!" हे ते ऑफिसात सांगतात, लिफ्टमध्ये सांगतात, एकदा तर बारशाला सांगून आले.

अभ्यास पक्का आहे. ओट्समधला बीटा-ग्लुकन हा तंतू पाण्यात चिकट होतो, आतड्यातलं पित्ताम्ल धरून बाहेर नेतो आणि नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. त्यासाठी रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं आणि 40 ग्रॅम ओट्समध्ये ते दोनच्याही आत भरतं, एवढं मात्र लिफ्टमध्ये सांगायचं राहतं. गावी पाकिटावरच्या लोंब्या ओळखून मामा म्हणाले, "हा तर ओट! रब्बीत म्हशीला घालतात." तेही राहतं.

लाडका विषय म्हणजे झुरिकचे डॉक्टर बिर्खर-बेनर. म्यूसली त्यांची, 1900च्या आसपासची. त्यांच्या आरोग्यधामात रोग्यांना पहाटे उठवायचे, चालवायचे, गार पाण्याखाली उभं करायचे आणि जेवणाआधी हा पदार्थ द्यायचे. मूळ कृतीत ओट्स किती? एक चमचा! रात्रभर भिजवलेला. बाकी अख्खं सफरचंद, सालीसकट, बियांसकट किसून. वर लिंबू, थोडं आटवलेलं दूध, सुक्यामेव्याचा कूट. म्हणजे ओट्सवर फळ नव्हे, फळाला ओट्सचं नुसतं बोट लावलेलं. कीस काळा पडतो म्हणून तो ऐनवेळी करायचा. 1909 साली खुद्द टोमास मान तिथे राहून गेले, तेव्हा ही साहित्यिकांची न्याहारी आहे, असं लेखकरावांचं ठाम मत आहे.

एवढी सफरचंदं रोज कोण किसत होतं, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडला नव्हता.

मंगळवारी बायको माहेरी गेली, तेव्हा पडला.

सात दहाला लेखकराव ओट्याशी उभे राहिले. सोलापुरी भगवं डाळिंब त्यांनी कांद्यासारखं मधोमध चिरलं. पहिली चिळकांडी शर्टावर, दुसरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दाणे नखांत फुटत होते, पांढरा पापुद्रा बोटांना चिकटत होता, चार-पाच दाणे सिलिंडरमागे गेले ते गेलेच. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि पातेल्यातल्या ओट्सची पतंग चिकटवण्याजोगी खळ झाली. घड्याळात सात बावन्न.

आणि मग त्यांना ती दिसली. रोज रात्री मालिका बघत, मांडीवर पातेलं घेऊन बसलेली. डाळिंबाची टोपी कापून, शिरांवर नुसत्या चिरा पाडून, पाकळ्या पाण्यात मोकळ्या करणारी. दाणे तळाला, पापुद्रे वर. सकाळी फ्रीजमध्ये स्टीलचा डबा भरलेला असायचा. तो मुळात भरलेलाच असतो, अशी लेखकरावांची समजूत होती. बारशाला त्यांनी त्या डब्याचं नावही काढलं नव्हतं, आणि ती शेजारीच बसली होती.

फोन वाजला.

"अहो, सांगायचं राहिलं. विरजणाच्या भांड्यामागे डबा आहे, दोन दिवसांचे दाणे सोलून ठेवलेत."

लेखकराव शर्टावरचा डाग चोळत गप्प.

"हॅलो? झाली का तुमची तीन मिनिटं?"