छावणीत सुपारी घेण्यापूर्वी

सुपारी तमाशाच्या फडाला देतात, बँडवाल्याला देतात, ऑर्केस्ट्रावाल्याला देतात आणि माणूस मारणाऱ्यालाही देतात. चारही धंद्यांत इसार आधी मोजून घ्यायचा असतो, कारण उरलेले पैसे काम झाल्यावर बुडतात. यांतल्या चौथ्या धंद्यावर तुम्ही आमच्या छावणीत, म्हणजे शहराच्या लष्करी वस्तीत, सिनेमा काढायला निघालात आणि खिशात फार काही नाही, तर पुढचं नीट वाचा.

भाडोत्री मारेकरी हा सगळ्यात स्वस्त नायक आहे. प्रेमकथेला नायिका लागते, कौटुंबिक चित्रपटाला आजी, पाळणा आणि चाळीस पानांची पंगत लागते. मारेकऱ्याचं कोणी नसतं. तो एकटा राहतो, एकटा चालतो आणि बोलत नाही, म्हणजे आवाज नोंदवायचाही खर्च नाही. अ‍ॅलन बॅरन या अमेरिकन माणसाने याच हिशेबावर ‘ब्लास्ट ऑफ सायलेन्स’ काढला, 1961 साली. पुढे ‘कोलंबो’ म्हणून गाजलेला पीटर फाल्क त्यात मारेकरी होणार होता. त्याला पैसे देणारं दुसरं काम मिळालं, तो गेला. मग बॅरनने स्वतःच कोट चढवला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चालू लागला. त्याचा नायक क्लीव्हलँडहून नाताळात खुनासाठी येतो आणि नेमका अनाथाश्रमातला जुना सोबती समोर उभा राहतो. तिथून त्याचं गणित चुकत जातं. नायकाला अनाथ केल्याने नातेवाइकांचा सगळा खर्च वाचला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. छावणीत मात्र ही सोय नाही. त्याबद्दल शेवटी.

इतक्या लांबचा गुरू नको असेल तर मालेगाव जवळ आहे. शेख नासिर यांनी तिथे ‘मालेगाव के शोले’ केला, तेव्हा यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असायची म्हणून नट शुक्रवारी मोकळे असायचे. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल आणि वर उचलायला बैलगाडी. ‘मालेगाव का सुपरमॅन’चा नायक तर शूटिंग चालू असताना स्वतःच्या लग्नाला जाऊन आला. तेव्हा नटाच्या घरचा मुहूर्त आधी विचारून ठेवा.

आता पिस्तूल. दिवाळीतलं टिकल्यांचं घ्या. ते नारिंगी किंवा चांदीच्या रंगाचं निघतं, म्हणून आमच्या सिनेमात आम्ही त्याला काळं बूट पॉलिश लावलं. छान दिसतं, पण वाळत नाही. आमच्या मारेकऱ्याने शांतपणे पिस्तूल काढलं, शांतपणे कपाळावरचा घाम पुसला आणि सबंध दिवस भस्म लावल्यासारखा फिरला. शिवाय ही छावणी आहे, नावातच इशारा आहे. लष्करी हद्दीत कॅमेरा काढायचा नाही आणि काळं पिस्तूल तर कुठेच हातात धरून फिरायचं नाही. पोलीस ठाण्यात आधी सांगा. मधल्या वेळात पिस्तूल कापडी पिशवीत ठेवा, वर वर्तमानपत्र.

जागेबद्दल फार लिहीत नाही. नायक नगर नाक्याला एसटीतून उतरू दे, तिथे धूळ फुकट आहे. लोखंडी पूल घ्यायचा मोह होईल. घ्या, पण खाली खाम नदीचा काठ आता साफ केलाय, झाडं लावलीत, भिंती रंगवल्यात. शहराच्या दृष्टीने उत्तम. गुन्हेगारीपटाच्या दृष्टीने मात्र, ज्या काठावर प्रेत टाकायचं तिथे बाक आणि फुलझाडं असतील तर अडचण होते.

खरा खजिना गुरुवारी. छावणीचा आठवडी बाजार, त्यातही जनावरांचा. सुपारीचा सौदा इथेच घ्या. सिनेमातले लोक बंद गाडीत सूटकेस उघडतात, ते विसरा. जनावरांच्या बाजारात जुन्या पद्धतीचा दलाल समोरच्याचा हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो आणि बोटांवर भाव ठरतो. किती बोटं धरली, कोणतं सोडलं, पूर्ण पंजा दाबला की अर्धा, सगळं कापडाखाली. भोवती दहा माणसं वाकून उभी असतात आणि दहाही जणांना आकडा कळत नाही. दोघांचे चेहरे दगडासारखे. एक जण आभाळाकडे बघतो, दुसरा म्हशीच्या दातांकडे. रुमाल तेवढा आतून उंदीर शिरल्यासारखा हलत असतो.

कॅमेरा त्या रुमालावर ठेवा आणि ठेवूनच द्या. माणसाच्या जिवाचा भाव असाच ठरू दे, मागून हंबरणं येऊ दे, संवाद लिहूच नका. विकलेल्या बैलाच्या पाठीवर गुलाल टाकतात, त्यातली चिमूट नायकाच्या खांद्यावर पडू द्या. पुढे रक्त दाखवायची गरज उरणार नाही, आणि गुलाल पावशेरभर पुरतो. (म्हैस विकायला आलेला एक जण आम्हाला तीनदा विचारून गेला, “हा माणूस केवढ्याला?” ते वाक्य चित्रपटात ठेवायला हवं होतं.)

राहिला भूतकाळाशी सामना. नवशिके त्यासाठी पाऊस, जुना फोटो आणि बासरी शोधतात. छावणीत भूतकाळ हयात असतो आणि गुरुवारी भाजीला येतो. आमचा मारेकरी भर उन्हात ओव्हरकोट घालून मेथीच्या ढिगाजवळून चौथ्यांदा चालत होता, चेहरा कोरा. एक बाई आडव्या आल्या.

“का रे, तू मास्तरांचा धाकला ना? काय करायलास इथं?”

मारेकरी उत्तर देत नसतात. त्यानेही दिलं नाही.

“अन् हे काय घातलंस? ताप आलाय का?” बाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. हात काळा झाला, तो त्यांनी पदराला पुसला. “दिवाळीला पण आला नाहीस. आई वाट बघून बघून झोपली त्या दिवशी.”

सकाळपासून आम्ही त्याला सांगत होतो, डोळ्यांत काहीतरी आण. ते तेव्हा आलं. कॅमेरावाला दिवसभरात एकदाच शहाण्यासारखा वागला, त्याने कॅमेरा बंद केला नाही. बाईंनी आपल्याकडच्या दोन जुड्यांतली एक काढली आणि त्याच्या पिशवीत वर्तमानपत्राच्या खाली, अगदी तळाशी खुपसली. “आईला दे, कोवळी आहे.”

ती मेथी चार पाण्यांनी धुतली, तरी भाजीला पॉलिशचा वास येत होता, असं त्याची आई म्हणाली.