धोंड्याच्या महिन्यातले उद्योग

आलात का वहिनी? काल रात्री तुमच्याकडे दिवा दिसला, म्हटलं पोचली गाडी. मे महिन्यात नागपूरला जाऊन राहायचं म्हणजे कमालच आहे तुमची! लेक बरी आहे ना? बरं, ते सावकाश सांगा. आधी इकडे या, जास्वंदीच्या बाजूला. तिथून बोललेलं सगळं रस्त्यावर ऐकू जातं.

आपला बंड्या हो, कोपऱ्यावरचा. लग्न ठरलं होतं ना? ठरलेलंच आहे, मोडलंबिडलं काही नाही. पण मधे उपटला अधिक महिना. कार्यालय मोकळं, पोरगी तयार, मुहूर्तच नाही. त्याने लग्नासाठी साठवून ठेवलेली रजा आधीच मंजूर करून घेतलेली. ती काय परत करणार? बसला घरी. त्याच्या आईला वाटलं, चला, हॉल रंगवून होईल. याने कीबोर्ड बांधायला काढला.

हो, बांधायला! दुकानात जाऊन 'एक कीबोर्ड द्या' म्हणणाऱ्यांतला नाही तो. अ‍ॅल्युमिनियमची पेटी एकाकडून, आतलं सर्किट दुसऱ्याकडून, बटणं तिसऱ्याकडून आणि बटणांवर बसवायची टोपणं थेट जर्मनीहून. नुसत्या टोपणांना दहा-बारा हजार. त्याच्या आईने मला हळूच विचारलं, "मुलामा असतो का हो कसला?" म्हटलं, प्लॅस्टिक आहे. त्यातही मजा अशी की हे महागाचं प्लॅस्टिक वापरून वापरून तुळतुळीत होतं, आणि त्याहून स्वस्तात मिळणारं दुसऱ्या जातीचं खरखरीतच राहतं. हे त्यानेच सांगितलं, अगदी अभिमानाने.

आणि पैसे टाकले की माल आला असंही नाही. आधी जगभरातले हौशी लोक पैसे भरतात, पुरेशी मागणी जमली की कारखाना काम हातात घेतो, आणि पार्सल यायला वर्षसुद्धा जातं. आपल्या भिशीसारखंच म्हणा, फक्त भिशीत दर महिन्याला एकीला तरी पैसे मिळतात. याने पैसे भरले तेव्हा स्थळं बघायला नुकती सुरुवात होती. पार्सल आलं ते साखरपुडा झाल्यावर.

मग सुरू झालं वंगणकाम. एकेक बटण उघडायचं. वरचं कवच, खालचं कवच, मधे स्प्रिंग आणि दांडी. बारीक ब्रशाने दांडीला वंगण लावायचं, जरा जास्त झालं की पुसून पुन्हा. अशी अडुसष्ट बटणं. आईचा भुवयांचा चिमटा गेला, कापसाच्या काड्या संपल्या, जेवणाच्या टेबलावर हात ठेवायची चोरी. स्पेसबारखाली एक तार असते, ती खुळखुळते म्हणे, तर तिलाही वंगण. सर्किटच्या पाठीला मास्किंग टेप. एवढा खटाटोप कशासाठी, तर आवाज चांगला यावा!

आधीच्या कीबोर्डला निळी बटणं होती त्याच्या. तुम्हाला आठवतं, रात्री दीड-दोनला टकटक यायची आणि ह्यांनी माळ्यावर उंदरांचा पिंजरा लावला होता? तोच तो आवाज. ही बटणं मुळात चेरी नावाच्या जर्मन कंपनीची. लाल असेल तर सरळ खाली जातं, तपकिरी मधे किंचित अडतं, निळं टकटकतं. पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्या उतरल्या, आणि आता इतके रंग आणि इतकी नावं झालीत की साडीच्या दुकानात बरं. सगळा प्रवास चार मिलिमीटरचा हो! निम्म्यावर गेलं की अक्षर उमटतं. उरलेल्या दोन मिलिमीटरांवर ही मुलं रात्र रात्र वाद घालतात.

मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. माझी अख्खी नोकरी कचेरीत गोदरेजच्या टाइपरायटरवर गेली. खोलीभर आम्ही जणी, सगळ्यांची यंत्रं एकदम चाललेली, ओळ संपली की घंटी, की पुन्हा खर्रकन गाडी मागे. साहेब दार लावून घ्यायचे. गोदरेजने १९५५ साली पहिला देशी टाइपरायटर काढला. २००९ पर्यंत वर्षाला दहा-बारा हजार यंत्रं निघत होती, मग तेही बंद. तो आवाज ऐकून कुणी कधी "वा" म्हटलं नाही. आणि हा पोरगा बटण दाबतो, डोळे मिटतो, आणि फोनवरून होणाऱ्या बायकोला ऐकवतो!

तरी पण हातातलं काम बघितलं मी त्याचं. नेटकं आहे. एक स्क्रू वाकडा नाही. आजकाल पोरांना सायकलची चेन बसवता येत नाही, तिथे हे काही कमी नाही.

झाला कीबोर्ड तयार. मला बोलावलं, "काकू, तुम्ही टायपिंगवाल्या, तुम्ही उद्घाटन करा." गेले. आधी म्हटलं, तू करून दाखव. वहिनी, काय सांगू! एवढा वीस-पंचवीस हजारांचा कीबोर्ड आणि टायपिंग चार बोटांनी! तेही खाली बघून. मी बसले, ए एस डी एफ वर बोटं ठेवली, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत पानभर मजकूर उतरवला. साठ शब्दांची परीक्षा दिलेली आहे म्हटलं, तीही मशीनवर, जिथे चूक खोडायला बटण नव्हतं. त्याची आई ओढणीत तोंड लपवून हसत होती.

मराठी कुठे आहे, असंही विचारलं मी. टोपणांवर एकही देवनागरी अक्षर नाही. म्हणे, ती मिळतात कुठे, आणि काकू, तुम्हाला कुठे बघावं लागतं! मला नाही रे लागत, म्हटलं, तुझं काय? आमच्या मशीनवर अर्धं अक्षर वेगळं आणि काना वेगळा मारायचा. आता कॉम्प्युटरच्या इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, 'क'च्याच बटणावर शिफ्ट धरून 'ख'. किती सोपं! तरी हा पठ्ठ्या आईला "kashi ahes" असं इंग्रजी अक्षरांत पाठवतो.

मग त्याने मला एक टायपिंगचा गेम लावून दिला. सेगा नावाच्या जपानी कंपनीचा, १९९९ सालचा. मेलेली माणसं हात पसरून अंगावर येतात, प्रत्येकाच्या छातीवर एक शब्द. शब्द टाइप केला की गोळी सुटते. पहिल्यांदा दचकले, पण मग लक्षात आलं, हे तर आपलंच काम! डिक्टेशन देणारा साहेबही असाच अंगावर यायचा. धडाधड पाडले. बंड्याला दुसऱ्याच वळणावर खाल्लं त्यांनी.

तुम्ही हसताय, पण आमच्या ह्यांचं ऐका. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून हातात रिमोटशिवाय काही धरलं नव्हतं. त्यांना बंड्याने शेतीचा गेम दिला, स्टारड्यू व्हॅली. एका अमेरिकन पोराने एकट्याने केलाय, चित्रं, गाणी, सगळं. २०१६ साली आला. पहिल्या दिवशी ह्यांचा वाद, "पार्सनिप चार दिवसांत तयार? कुठलं वाण?" दुसऱ्या दिवसापासून वहीत लागवडीचा आराखडा. तिथे ऋतू अठ्ठावीस दिवसांचा, वर्षाला चार ऋतू, हिशेब चोख, अधिक महिना घालायची भानगडच नाही. पण ऋतू बदलला की उभं पीक एका रात्रीत वाळून जातं. ह्यांची तशी गेली एकदा फुलकोबी. दोन दिवस जेवताना गप्प. मी म्हटलं, पंचनामा करून घ्या.

नाही, पुण्यात पण होतात हो गेम! 'राजी' म्हणून आहे, २०२० मधला. बहीण आपल्या भावाला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघते, दुर्गा तिला त्रिशूळ देते. भिंतींवर रंगवलेली चित्रं, मधे मधे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. तो मी नुसता बसून बघितला. करणाऱ्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली होती, ती पुरली नाही, तर भागीदार बाईने म्हणे स्वतःचा फ्लॅट विकला. एवढी हिंमत! आपण ओटा बदलायचा तर तीन वर्षं विचार करतो.

आता खरी बातमी. होणाऱ्या सासूबाईंनी तेहतीस अनारसे पाठवले. अजून जावई झालेला नाही आणि धोंड्याचं वाण? बंड्याच्या आईला कळेना, घ्यावं की नाही. घेतलं. डबा घेऊन मुलगी स्वतः आली होती. बंड्या अनारसा खात खात कीबोर्डजवळ गेला, तर तिने दारातच अडवलं, "आधी हात धू, तूप लागेल." मला तिथेच पसंत पडली. लहानपणी भावाबरोबर टीव्ही गेमवर काँट्रा खेळलेली आहे. तीस जीव मिळवायची ती युक्ती, वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, सगळी पाठ. बंड्याला ती आठवावी लागली.

निज ज्येष्ठात मुहूर्त निघालाय. आहेराचं काय करायचं ते मी तिलाच विचारलं, मिक्सर तर तिसरा येईल. तिने कानात सांगितलं, तिलाही कीबोर्ड हवाय. पण लाल नको, वंगण नको, निळ्या बटणांचा, चांगला खणखणीत. बंड्याला अजून बोललेली नाही. तुम्ही निम्मे घालता का? मग मी आजच मागवते.